सोमवारी कामावर जाणाऱ्यांचा खेळ

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यातील गोष्ट. ऑगस्टमधील एका रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर आम्ही काही जण चर्चच्या पटांगणात बोलत उभे होतो. एका मुलाचा चेंडू घरंगळत आमच्या पायांशी आला आणि आमच्यातील कोणीतरी तो परत मारला. एवढेच निमित्त झाले. पुढच्या रविवारी आम्ही बारा-तेरा जण पिशवीत बूट घेऊनच मिस्सेला गेलो.

एके काळी हे पटांगण आमचेच होते. शाळेची सारी वर्षे, फार तर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत, पावसाळ्याचे चार महिने आम्ही येथे चिखलात फुटबॉल खेळलो. मग कोणी नोकरीला लागला, कोणी आखातात गेला, कोणाचे लग्न झाले, कोणाचे वडील गेले आणि वाडीचा भार त्याच्या खांद्यावर आला. खेळ सोडण्याचा निर्णय असा कोणीच घेतला नव्हता. एका पावसाळ्यात खेळायचे राहून गेले, दुसऱ्यातही राहून गेले, आणि पाहता पाहता वीस-बावीस वर्षे लोटली.

तिसऱ्या रविवारी अपघात घडला. आमच्यातील एक जण रिक्षा चालवतो. त्याच्या पायांत चेंडू होता. विसाव्या वर्षी आम्ही ज्या त्वेषाने चेंडूवर तुटून पडत असू, त्याच त्वेषाने आमचा दुसरा एक मित्र त्याच्यावर धावून गेला. चेंडू निसटला आणि लाथ नडगीवर बसली. हाडाला चीर गेली होती. पाय सहा आठवडे प्लास्टरमध्ये राहणार होता. संध्याकाळी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा तो हसून म्हणाला, "खेळात चालायचंच." त्याची पत्नी चहा घेऊन आली. तिने कोणाला दोष दिला नाही. ती इतकेच म्हणाली, "रिक्षाचा हप्ता पाच तारखेला असतो."

परतीच्या वाटेवर कोणी फारसे बोलले नाही. त्यानंतरच्या रविवारी पटांगणात कोणी थांबलेही नाही. हा मुलांचा खेळ आहे, आपले वय झाले, आता आपण कडेला उभे राहून टाळ्या वाजवाव्यात, असे आम्ही एकमेकांना सांगू लागलो. परंतु फुटबॉल हा खरोखर मुलांचाच खेळ आहे काय? हा प्रश्न मनातून जाईना. त्याचे उत्तर शोधताना फुटबॉलच्या इतिहासात आम्हांस जे आढळले, ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

चेंडूला लाथ मारण्याचे खेळ जगात अनेक देशांत पुरातन काळापासून आहेत. परंतु आज आपण ज्याला फुटबॉल म्हणतो, तो खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये आकाराला आला. त्यापूर्वी तेथील ईटन, हॅरो, रग्बी, विंचेस्टर, श्रूजबरी अशा नामांकित निवासी शाळांत मुले फुटबॉल खेळत असत. मात्र प्रत्येक शाळेचा फुटबॉल निराळा होता. कोठे चेंडू हातात घेऊन पळता येई, कोठे हात लावणे निषिद्ध असे. शाळेत असेपर्यंत याची अडचण नव्हती. अडचण आली ती शाळा सुटल्यावर. वेगवेगळ्या शाळांतून आलेले तरुण एकत्र जमले आणि पुन्हा खेळू लागले, की पहिल्या पाच मिनिटांतच भांडण जुंपे.

केंब्रिज विद्यापीठात १८४८ मध्ये नेमके हेच घडले. हेन्री चार्ल्स माल्डन हे त्या वेळी तेथे विद्यार्थी होते. त्यांनी जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, १८९७ मध्ये, एका पत्रात आपली आठवण लिहून ठेवली. रग्बीच्या मुलांनी चेंडूला हात लावला, की ईटनची मुले ओरडत. अखेर प्रत्येक मोठ्या शाळेचे दोन आणि अशा शाळांबाहेरचे दोन प्रतिनिधी एका खोलीत बसले. दुपारी चारच्या सुमारास सुरू झालेली ती बैठक जवळजवळ मध्यरात्रीपर्यंत चालली, आणि ठरलेले नियम पार्कर्स पीस नावाच्या मैदानावर लावण्यात आले. शाळेतला खेळ शाळेबाहेर पुन्हा खेळता यावा, एवढ्यासाठी ही आठ तासांची खटपट होती.

यानंतर नऊ वर्षांनी, २४ ऑक्टोबर १८५७ रोजी, शेफील्ड या पोलादाच्या शहरात नथॅनिएल क्रेझविक आणि विल्यम प्रेस्ट या दोघांनी शेफील्ड फुटबॉल क्लब स्थापन केला. आज हाच जगातील सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. क्रेझविक वकिली व्यवसायातले, तर प्रेस्ट मद्याचे व्यापारी. दोघांचेही वय पंचविशी उलटलेले. उन्हाळ्यात ते क्रिकेट खेळत, आणि हिवाळ्यात शरीर सुस्तावू नये म्हणून त्यांना खेळ हवा होता. जवळपास दुसरा क्लबच नसल्यामुळे खेळायचे कोणाशी, हा प्रश्न होता. तेव्हा क्लबातील सभासद आपसांतच दोन तट पाडून खेळत. कधी आडनावाच्या आद्याक्षरावरून संघ पडत, तर कधी विवाहित विरुद्ध अविवाहित असा सामना होई. हे वाचून आम्हांस मनापासून हसू आले. आमच्या पटांगणातही पहिल्या रविवारी संघ पडले होते ते टक्कल पडलेले विरुद्ध न पडलेले असेच! जगातील पहिल्या फुटबॉल क्लबात संसारी माणसे खेळत होती, ही गोष्ट आम्हांस ठाऊक नव्हती.

परंतु या इतिहासातील निर्णायक प्रसंग घडला तो लंडनमध्ये. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी ग्रेट क्वीन स्ट्रीटवरील फ्रीमेसन्स टॅव्हर्न या ठिकाणी लंडन व आसपासच्या सुमारे डझनभर क्लबांचे आणि शाळांचे लोक एकत्र आले आणि त्यांनी फुटबॉल असोसिएशनची स्थापना केली. या बैठकीमागे ज्यांचा पुढाकार होता, ते एबेनेझर कॉब मॉर्ली हे व्यवसायाने वकील, वय ३२ वर्षे. ते कोणत्याही बड्या निवासी शाळेत शिकलेले नव्हते. आदल्याच वर्षी त्यांनी बार्न्स या लंडनलगतच्या वस्तीत आपला क्लब काढला होता. सर्वांना मान्य होईल असा एकच नियमसंच असावा, ही त्यांची तळमळ.

डिसेंबरपर्यंत अशा सहा बैठका झाल्या. वाद दोन मुद्द्यांवर अडला. चेंडू हातात घेऊन पळू द्यावे की नाही, हा पहिला. आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारू द्यावी की नाही, हा दुसरा. या लाथेला तेव्हा 'हॅकिंग' म्हणत. काही शाळांत ती केवळ चालवून घेतली जात नसे, तर मर्दपणाची खूण म्हणून मिरवली जात असे. ब्लॅकहीथ क्लबचे फ्रान्सिस मॉल कॅम्बेल या प्रथेचे कट्टर पुरस्कर्ते होते. हॅकिंग काढून टाकाल, तर खेळातील सारे धैर्यच निघून जाईल, आणि मग आठवडाभर सराव केलेले फ्रेंच लोकदेखील मी तुम्हांस हरवायला घेऊन येईन, असे त्यांनी बजावले.

यावर मॉर्ली यांनी जी भूमिका मांडली, ती वाचताना आम्ही थबकलो. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: हॅकिंग राहिले, तर समजत्या वयाला पोहोचलेला कोणीही माणूस फुटबॉल खेळणार नाही आणि हा खेळ केवळ शाळकरी मुलांपुरता उरेल. लाथ ही क्रूर आहे किंवा असभ्य आहे, असा हा युक्तिवाद नव्हता. ज्याला दुसऱ्या दिवशी कचेरीत, दुकानात, न्यायालयात उभे राहायचे आहे, त्याला मोडलेला पाय परवडत नाही, असा तो साधा प्रापंचिक हिशेब होता. रिक्षाचा हप्ता पाच तारखेला असतो, हे वाक्य मॉर्ली यांनी ऐकले असते, तर ते त्यांना तात्काळ उमगले असते.

बैठकीने मॉर्ली यांच्या बाजूने कौल दिला. ८ डिसेंबर १८६३ रोजी १३ नियम कायम झाले. त्यांत पाय अडकवून पाडणे आणि नडगीवर लाथ मारणे या दोन्ही गोष्टींना मनाई होती. हाताने धरणे किंवा ढकलणे निषिद्ध होते. बुटांना बाहेर आलेले खिळे अथवा लोखंडी पत्रे नसावेत, असाही एक नियम होता. ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. याच क्लबाने पुढे १८७१ मध्ये रग्बी फुटबॉल युनियनच्या स्थापनेत भाग घेतला. गंमत अशी, की त्या युनियननेही आपल्या पहिल्याच नियमावलीत हॅकिंगला बंदी घातली. ज्या लाथेसाठी घर सोडले, ती लाथ नव्या घरातही चालली नाही. कारण तेथेही खेळणारे लोक सोमवारी कामावर जाणारेच होते.

स्वतः मॉर्ली खेळत राहिले. १९ डिसेंबर १८६३ रोजी नव्या नियमांनुसार बार्न्स व रिचमंड या क्लबांचा सामना झाला आणि तो गोलशून्य बरोबरीत सुटला. पुढे ३१ मार्च १८६६ रोजी लंडन आणि शेफील्ड यांच्यात जो सामना झाला, त्यात मॉर्ली यांनी गोल केला. तेव्हा त्यांचे वय ३४ होते.

या साऱ्याचा अर्थ आम्ही असा लावतो. फुटबॉल मुलांनी शोधला असेल. परंतु फुटबॉलचे नियम मोठ्या माणसांनी केले, आणि ते कशासाठी केले, तर शाळा सुटल्यानंतर त्यांना पुन्हा खेळायचे होते म्हणून. ज्याला आम्ही आमचे वेडे धाडस समजत होतो, ते मैदानाकडे परतणे या खेळाच्या जन्मातच आहे.

मग हा खेळ मोठ्या माणसांच्या हातून सुटला कसा? याचेही उत्तर इतिहासात आहे.

नियम झाले तरी सर्वांनाच खेळायला सवड नव्हती. गिरणीतला मजूर सहा दिवस राबे आणि रविवार हा प्रार्थनेचा दिवस असे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबवण्याचे बंधन आले. त्यांच्याविना यंत्रे चालवणे परवडत नसल्यामुळे पुरुषांनाही सुटी मिळू लागली, आणि हळूहळू इतर धंद्यांतही शनिवारची दुपार मोकळी झाली. या मोकळ्या दुपारी फुटबॉल वाढला. बर्मिंगहॅममधील एका वेस्लियन प्रार्थनामंदिराच्या क्रिकेट संघातील तरुणांना हिवाळ्यासाठी खेळ हवा होता; त्यांतून १८७४ मध्ये ॲस्टन व्हिला क्लब निघाला. ग्लासगो येथील सेंट मेरीज चर्चच्या सभागृहात ६ नोव्हेंबर १८८७ रोजी मारिस्ट संघाचे ब्रदर वॉलफ्रिड यांच्या पुढाकाराने सेल्टिक क्लब स्थापन झाला. शहराच्या पूर्व भागातील गरीब आयरिश कुटुंबांच्या अन्नासाठी निधी उभा करणे, हा त्याचा हेतू. धर्मग्रामाचे पटांगण आणि फुटबॉल यांचे नाते असे जुने आहे.

मात्र प्रेक्षक वाढले, तिकिटे आली, आणि तिकिटांबरोबर पैसा आला. १८८३ चा एफए कपचा अंतिम सामना हा या बदलाचा मैलाचा दगड मानतात. एका बाजूस ईटनच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ होता. त्यात लॉर्ड किनेर्ड खेळत होते. त्यांचे वय तेव्हा ३६, आणि हा त्यांचा नववा अंतिम सामना. नियमावलीत बंदी असली तरी त्यांच्या लाथेची ख्याती मोठी होती. आपला मुलगा एखाद्या दिवशी पाय मोडून घरी येईल, अशी भीती त्यांच्या आईने व्यक्त केली, तेव्हा मित्राने उत्तर दिले, की पाय मोडेल खरा, पण तो त्याचा नसेल, अशी आख्यायिका आहे. दुसऱ्या बाजूस ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघात विणकर, सूतगिरणीतील कामगार, नळकाम करणारे असे लोक होते. कामगारांनी तो सामना २–१ असा जिंकला. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, खेळाबद्दल वेतन घेण्यास मान्यता मिळाली आणि १८८८ मध्ये १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली.

यात वाईट काही नव्हते; श्रमिकाला त्याच्या कौशल्याचे दाम मिळू लागले. परंतु एक दुरावा निर्माण झाला. मैदानात बावीस जण आणि कठड्याबाहेर हजारो, अशी रचना रूढ झाली. जे उत्तम खेळतात त्यांनी खेळावे आणि इतरांनी पाहावे, हा समज रुजला. तो समज मनात धरूनच आम्ही मोठे झालो आणि मैदानाबाहेर पडलो.

स्त्रियांची कथा याहून क्लेशदायक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्रेस्टन येथील डिक, कर या कारखान्यातील महिला कामगारांनी १९१७ मध्ये संघ काढला. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहण्यास सुमारे ५३,००० लोक आले. त्यानंतर वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नसल्याचे सांगून आपल्या सभासद क्लबांच्या मैदानांवर त्यांना बंदी केली. जी संस्था खेळाकडे परतू पाहणाऱ्या माणसांनी स्थापन केली, तिनेच निम्म्या मानवजातीची वाट अडवली. ही बंदी जवळजवळ ५० वर्षे टिकली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी उठली. तरीही डिक, करचा संघ मिळेल त्या मैदानावर खेळत राहिला. त्यातील लिली पार ही खेळाडू १९५१ पर्यंत, म्हणजे वयाची पंचेचाळिशी गाठेपर्यंत, मैदानात होती. पुढे 'आता वय झाले' असे म्हणण्याचा मोह झाला, की आम्ही तिचे स्मरण करतो.

आता आपल्याकडे वळू. गोव्यात फुटबॉल आणण्याचे श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंना दिले जाते. प्रकृतीला आराम पडावा म्हणून ते १८८३ मध्ये शिवोलीला आले आणि त्यांनी तेथील मुलांना हा खेळ शिकवला. ब्लॅकबर्नच्या विणकरांनी इंग्लंडमध्ये करंडक जिंकला, तेच हे वर्ष! मुंबईत १८९१ मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला. आरंभी तो ब्रिटिश पलटणींच्या संघांचा असे. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा भारतीय नागरी संघाचे नाव त्यावर प्रथम कोरले गेले. १९०२ मध्ये सुरू झालेल्या हार्वुड लीगने मुंबईच्या फुटबॉलला दरवर्षीचा हंगाम दिला. पुढे टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, रेल्वे अशा कंपन्या व आस्थापने यांचे संघ आले. मूळच्या गोव्याच्या आणि मुंबईत खेळलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून भारताला ४–२ असा विजय मिळवून दिला, ही कथा आमच्या वडीलधाऱ्यांकडून आम्ही कितीदा तरी ऐकली आहे.

कचेरीच्या संघांचा एक मोठा उपकार होता. त्यांत निवड झालेल्या कमावत्या माणसाला खेळण्याचे कारण, मैदान आणि सवड या तिन्ही गोष्टी मिळत. परंतु ते जिंकण्यासाठी उभे केलेले संघ होते. पाय मंदावला, की जागा जाई. मुंबईच्या गिरण्या मिटल्या, रोव्हर्स कपही २००१ नंतर बंद पडला. आपल्या गावांत उरल्या त्या सुटीतील स्पर्धा, आणि त्या तरुणांच्या. चाळिशीच्या माणसाने खेळावे कोठे आणि कसे, याची व्यवस्था आपल्याकडे कोणी लावली नाही. आम्हीही ती मागितली नाही.

ही व्यवस्था अन्यत्र मात्र लागू लागली आहे. डेन्मार्कमध्ये पीटर क्रुस्ट्रुप, येन्स बांग्सबो आदी संशोधकांनी व्यायामाची सवय नसलेल्या माणसांना फुटबॉल खेळायला लावून त्याचा परिणाम मोजला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० ते ४३ वयाचे ३६ पुरुष होते. काहींनी १२ आठवडे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, तासभर फुटबॉल खेळला. काहींनी तितकाच वेळ धावण्याचा व्यायाम केला. काहींनी काहीच केले नाही. फुटबॉल खेळणाऱ्यांचा रक्तदाब उतरला, चरबी घटली आणि दमसास धावणाऱ्यांइतकाच, किंबहुना अधिक वाढला. हे सामने मोठ्या मैदानावरचे नव्हते. लहान जागेत मोजक्याच माणसांचे होते. पुढे याच पद्धतीने साठी-सत्तरीतील पुरुषांनाही लाभ झाल्याचे आढळले. डेन्मार्कच्या फुटबॉल संघटनेने २०११ पासून स्पर्धेविना, केवळ आरोग्य आणि सोबत यांसाठी फुटबॉल ही योजना देशभरच्या क्लबांत नेली.

त्याच वर्षी इंग्लंडमधील चेस्टरफील्ड या गावी तेथील फुटबॉल क्लबच्या समाजसेवा न्यासाने पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी चालत खेळण्याचा फुटबॉल सुरू केला. नियम अगदी थोडे. धावायचे नाही, एक पाय सदैव जमिनीला टेकलेला हवा. कोणी धावला, की चेंडू दुसऱ्या संघाला. चेंडू डोक्याच्या वर उडवायचा नाही. अंगाला अंग भिडवायचे नाही. ऐकायला हे हास्यास्पद वाटते, आणि आरंभी तेथेही लोक हसलेच. परंतु गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेले, हृदयविकारातून उठलेले, पत्नीच्या निधनानंतर घराबाहेर न पडणारे असे लोक मैदानात परतले. पुढे हा खेळ इंग्लंडभर आणि इतर देशांत पसरला. जपानमध्ये तर टोकियो येथे २०२३ साली ऐंशी वर्षांवरील खेळाडूंची स्वतंत्र लीग सुरू झाली. मॉर्ली यांनी लाथ काढून टाकली होती; चेस्टरफील्डकरांनी धावणे काढून टाकले. दीडशे वर्षांच्या अंतराने दोघांनी एकच प्रश्न विचारला होता: खेळातले काय सोडले, तर माणूस खेळात राहू शकेल?

आम्ही हा प्रश्न स्वतःला कधी विचारलाच नव्हता. आम्ही विसाव्या वर्षीच्या खेळाकडे परतायला निघालो होतो, आणि तो तर तेथे आता नव्हता. शरीरशास्त्रही हेच सांगते. अनेक वर्षांच्या खंडानंतर मन आणि फुप्फुस काही आठवड्यांत तयारीला लागतात. परंतु स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडर सावकाश बळकट होतात. म्हणूनच तिशी ते पन्नाशीतील पुरुषांची टाचेवरची शीर अशा एकदम धावण्या-थांबण्याच्या खेळात तुटते. ज्यांना रक्तदाब, मधुमेह वा छातीचे दुखणे आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटणे हे भित्रेपणाचे लक्षण नव्हे. जागतिक फुटबॉल महासंघाने वीस मिनिटांच्या पूर्वतयारीचे जे १५ व्यायाम ठरवून दिले आहेत, त्यांनी दुखापती कमी होतात, हेही अभ्यासातून दिसून आले आहे. आम्ही मात्र मिस्सेहून थेट मैदानात उतरलो होतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही पुन्हा जमलो. या वेळी पटांगणात नव्हे, तर रिक्षावाल्या मित्राच्या ओटीवर. त्याचे दोन हप्ते आम्ही सर्वांनी मिळून भरले होते. त्याने ते पैसे उसने म्हणूनच घेतले, आणि त्याबद्दल वाद घालण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. ज्याच्या लाथेने ते घडले, तो मित्र प्रथमच मोकळेपणाने बोलला. "मला चेंडूच दिसत होता, तू दिसलाच नाहीस," असे तो म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही आमचे नियम लिहून काढले. एका बाजूस सहा जण, अर्धेच पटांगण, ज्याच्या पायांत चेंडू आहे, त्याच्या पायांत पाय घालायचा नाही, घसरून चेंडू काढायचा नाही, आधी वीस मिनिटे अंग मोकळे करायचे, गोल किती झाले, ते मोजायचे नाहीत. शेवटच्या नियमावर सर्वांत अधिक वाद झाला. गोल मोजायचेच नाहीत तर खेळायचे कशाला, असा प्रश्न दोघांनी केला, आणि तो चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. ब्लॅकहीथच्या कॅम्बेल यांचेही काही खरे होते. नियमाने सुरक्षितता येते, तसे काही हरपतेही. अखेर गोल मोजावेत, पण मैदानाबाहेर सांगू नयेत, अशी तडजोड झाली. चहा देताना वहिनींनी विचारले, "आणि बायकांनी खेळायचं म्हटलं तर?" या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. १९२१ च्या त्या निर्णयाला नावे ठेवणे सोपे. आपल्या पटांगणातील रविवारचा एक तास कोणाचा, हे ठरवणे तितके सोपे नाही. डिसेंबरपासून पहिल्या रविवारचा तास त्यांचा आहे. तो आम्ही दिला असे नव्हे. तो त्यांनी मागून घेतला.

जानेवारीत प्लास्टर निघालेला आमचा मित्र मैदानात आला. डॉक्टरांनी धावण्यास परवानगी दिली नव्हती, तेव्हा त्या दिवशी त्याच्यासाठी आम्ही सर्वच जण चाललो. कडेला उभ्या असलेल्या मुलांपैकी एक जण ओरडला, "अंकल, सावकाश, बस चुकणार नाही!" सारे पटांगण हसले. आम्हीही हसलो आणि चालत राहिलो. दुपारी घरी जाताना मित्राने नडगीवरून हात फिरवला, पाय झटकून पाहिला आणि रिक्षाची किल्ली खिशात आहे ना, याची खात्री करून घेतली. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.